घरच्या सर्व्हरची मेमरी: वाचकांचे प्रश्न

'रॅम भरली' अशी पत्रं ठाणे-नवी मुंबईतून सतत येतात. गोंधळ तोच असतो, म्हणून उत्तरं एकत्र देतोय.

प्रश्न : लिनक्सवर ४ जीबीपैकी जेमतेम २०० एमबी 'फ्री' दिसते. रॅम वाढवू का? (नौपाडा)

लगेच नको. 'फ्री' सोडा, 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. मोकळी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेला (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायच्या जागेला) लावतं आणि प्रोग्रॅमला लागली की सोडतं.

प्रश्न : दर तासाला कॅशे रिकामी करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीची) ओळ व्हॉट्सॲपवर आलीय. टाकू? (कोपरखैरणे)

नका टाकू. त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतील आणि साइट आणखी रखडेल.

प्रश्न : २ जीबी रॅम, अपाचे (वेब सर्व्हर), वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर). मेमरी भरून डेटाबेस बंद पडायचा. आता रोज पहाटे रीबूट लावलाय, सहा महिने ठीक आहे. एवढं पुरे ना? (ऐरोली)

नाही! सहा महिने तुम्ही दुखणं दाबून ठेवलंय. रॅम संपली की कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ओओएम किलर एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारतो. बहुतेक वेळा मोठी दिसते म्हणून मारियाडीबी हा डेटाबेस बळी जातो, रॅम खाणारा दुसराच असतो. कर्नलच्या लॉगमध्ये मारल्याची नोंद आणि त्या क्षणी कोण किती खात होतं त्याची यादी सहसा सापडते, ती बघा.

आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतोय का पाहा. डेटाबेस असा अचानक मारला गेल्यावर इनोडीबी प्रकारची टेबलं सहसा सावरतात, जुन्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांचा भरवसा नाही.

मग हिशेब करा. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत एका वेळी येणाऱ्या प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस लागते. डेबियन लिनक्सच्या मूळ कॉन्फिग फाइलीत 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' (अशा प्रोसेसची कमाल संख्या) १५० असतं. एक प्रोसेस ५० एमबी धरली तर १५० म्हणजे ७.५ जीबी, आणि तुमच्याकडे आहेत २! सिस्टिम आणि डेटाबेससाठी ७०० एमबी बाजूला काढा. उरलेल्या १,३०० मध्ये २६ बसतात, म्हणून २० ठेवा. तुमच्या प्रोसेसचा खरा आकार मोजूनच आकडा ठरवा. पीएचपी (वर्डप्रेसची भाषा) वेगळ्या प्रोसेसमधून चालवणारं पीएचपी-एफपीएम असेल तर हाच हिशेब 'मॅक्स चिल्ड्रन'ला लागतो.

ॲक्सेस लॉगही (साइटवर आलेल्या विनंत्यांची नोंद) उघडा. लॉगिनच्या पानावर आणि 'एक्सएमएल-आरपीसी' (बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीच्या) फाइलीवर बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) आदळत असतील, तर दर धडकेला अख्खं वर्डप्रेस जागं होतं. त्यांना अडवा. बदल करण्याआधी लॉग आणि कॉन्फिग जाणकाराला दाखवा, आणि ते याच आठवड्यात.

प्रश्न : 'मेमरी बूस्टर' प्लगिन विकत घेऊ का? (घोडबंदर रोड)

नका घेऊ. प्लगिन पीएचपीच्या आतच चालतं, ते मशीनची रॅम वाढवूच शकत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं. ते पैसे बॅकअपच्या डिस्कला लावा.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डवर मोठी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवली तर चालेल? (नेरुळ)

सतत लिहून कार्ड झिजतं. थोडीच ठेवा, शक्यतो एसएसडीवर. स्वॅप रोजच भरत असेल तर वरचा हिशेब तुम्हालाही करावा लागेल, जमला नाही तर जाणकाराला सोबत बसवून करा.