इंग्रजीत ‘अडवणे’ कोणकोणत्या शब्दांनी सांगावे?

आपला प्रश्न असा आहे की, स्टॉप, ब्लॉक, प्रिव्हेंट, ऑब्स्ट्रक्ट, हिंडर, इम्पीड, चेक या सगळ्या क्रियापदांपुढे शब्दकोशात ‘अडवणे, रोखणे, थांबवणे’ हेच अर्थ फिरून फिरून येतात. मग ‘पावसामुळे सोयाबीनची काढणी अडली’ या वाक्याच्या भाषांतरात यांतले कोणते घ्यावे? मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि हीच अडचण माझ्या वर्गात दरवर्षी येते. आपले ‘अडवणे’ फार मोठ्या पोटाचे आहे. पाणी, माणूस, वाट, पगार, लग्न, सगळे त्यात मावते. इंग्रजीत मात्र आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: अडवले ते वाटेला की जाणाऱ्याला, आणि जाणारा शेवटी पोहोचला की नाही.

दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मला एका विद्यार्थ्याच्या चिठ्ठीमुळे नीट कळले. रेल्वेचे फाटक बंद असल्याने तो वीस मिनिटे उशिरा आला आणि त्याने लिहिले, ‘द रेल्वे गेट प्रिव्हेंटेड मी फ्रॉम कमिंग टू स्कूल.’ व्याकरणात एकही चूक नव्हती, पण अर्थ असा झाला की फाटकामुळे तो शाळेत आलाच नाही, आणि मुलगा तर समोर उभा होता. तिथे ‘हेल्ड मी अप’ हवे होते, म्हणजे खोळंबा झाला, पण पोहोचलो. प्रिव्हेंट या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘आधी येणे’ असा आहे; गोष्ट घडण्याआधीच तिच्या आड येऊन ती घडू न देणे, हा भाव त्यात आजही आहे. लस रोगाला प्रिव्हेंट करते, ती याच अर्थाने. त्याच्यापुढे ‘फ्रॉम गोइंग’ येते, ‘टू गो’ कधीही येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ऑब्स्ट्रक्टचे मूळ ‘आडवे बांधकाम करणे’ असे आहे. ब्लॉक आणि ऑब्स्ट्रक्ट हे दोन्ही शब्द मुळात वाटेचे आहेत. फरक एवढाच की ब्लॉक बोलण्यात चालतो आणि बहुधा वाट पुरती बंद झाल्याचे सांगतो, तर ऑब्स्ट्रक्ट कागदोपत्री शोभतो आणि वाट थोडी मोकळी असली तरी चालतो. या दोघांचे प्रिव्हेंटशी नाते पाहायचे असेल, तर १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३३९ पाहावे, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम १२६ झाले आहे. एखाद्याला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने तो जाण्यापासून प्रिव्हेंट होईल अशा रीतीने त्याला जाणूनबुजून ऑब्स्ट्रक्ट करणे, अशी गुन्ह्याची व्याख्या तिथे आहे. आपल्याकडे पाणंद रस्त्याचे तंटे गावोगावी असतात, म्हणून मी वर्गात तेच उदाहरण देतो: कोणी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, हे ऑब्स्ट्रक्ट, त्यामुळे शेजाऱ्याची बैलगाडी शेतात जाऊ शकली नाही, हे प्रिव्हेंट. पहिली कृती आहे, दुसरा तिचा परिणाम.

इम्पीडमध्ये लॅटिनमधला पाय आहे, पायात बेडी पडल्यासारखा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून चाललेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: चपलेला चिखलाचे गोळे लगडतात, पाऊल जड होते, पण माणूस चालत राहतो. हिंडरचा अर्थही जवळजवळ तोच, फक्त तो शब्द रोजच्या वापरात थोडा अधिक दिसतो.

मला स्वतःला यांत सर्वांत आवडतो तो चेक. आपण ‘तपासणे’ एवढाच अर्थ धरून बसतो, त्यामुळे ‘चेक डॅम’ म्हणजे पाणी तपासण्याचे धरण की काय, असे मुले खरोखर विचारतात. हा शब्द फारसी ‘शाह’पासून बुद्धिबळाच्या वाटेने इंग्रजीत गेला, आणि मराठीतला ‘शह’ही त्याच घरचा आहे. शह दिल्याने डाव संपत नाही, पण राजाला मनासारखे पुढे जाता येत नाही. ओढ्यावरचा सिमेंटचा बांध पाण्याला नेमके हेच करतो. जास्तीचे पाणी वरून निघून जाते, पण त्याची धाव मोडते आणि काही पाणी जमिनीत जिरते. म्हणून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यातल्या ‘अडवा’साठी स्टॉप किंवा ब्लॉक घेऊ नये. चेक किंवा ‘होल्ड बॅक’ घ्यावे. पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीसारख्या मोठ्या कामासाठी मात्र डॅम हेच क्रियापद आहे: ‘द गोदावरी इज डॅम्ड ॲट पैठण.’ तिथे ब्लॉक म्हटले, तर दरड कोसळून नदी तुंबल्यासारखे वाटते.

स्टॉप सर्वांत सोपा आणि बोलण्यात बहुतेक ठिकाणी पुरेसा आहे. त्यात एकच खाच आहे: ‘स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर’ म्हणजे पाणी पिण्यासाठी थांबला, आणि ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पाणी पिणे बंद केले.

आता आपले वाक्य. दोन दिवस पाऊस झाला, रान वाळल्यावर काढणी पुन्हा सुरू झाली, असे असेल तर ‘द रेन हेल्ड अप द सोयाबीन हार्वेस्ट’ लिहावे. पावसातच काम रेटले पण ते संथ चालले, तर हिंडर्ड. आणि शेतात पाय ठेवता आला नाही, शेंगांना उभ्या पिकातच कोंब फुटले, तर प्रिव्हेंटेड. ‘अडली’ या शब्दात यांतले काय झाले ते कळत नाही, त्यामुळे परीक्षेतल्या उताऱ्यात पुढचे-मागचे वाक्य वाचूनच क्रियापद ठरवावे. तसे वाक्य दिलेलेच नसेल तर हेल्ड अप घ्यावे, कारण आपल्याकडे अडलेली काढणी बहुधा चार दिवसांनी का होईना, पुन्हा सुरू होते.