‘लेकरू रोज कुणाला तरी मारतंय, काय करू?’

दिवाळीनंतर धारूर तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, आधी असं नव्हतं हे लेकरू. आता रोज तक्रार. समजावलं, मारलं, देवाची शपथ घातली. मायबाप ऊसतोडीला गेलेत, लोक मला बोल लावतेत. काय करू?”

हंगाम सुरू झाला की बीडमध्ये हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. आई-वडील मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळीसोबत जातात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

“तुला कसं वाटतं?” असं मी विचारलं. “काई न्हाई.” माझा प्रश्नच चुकला होता. मग त्याला दिवसभराची चित्रं काढायला दिली. शाळेची घंटा, सुट्टी, घर. घराशी पेन्सिल थांबली. “दिवे लागले की करमत न्हाई,” तो म्हणाला. आजी गप्पच झाल्या. त्यांना तो हट्टी वाटत होता.

लेकरांना राग सांगता येतो, कारण घरात तोच शब्द सारखा कानावर पडतो. करमत नाही, हिरमुसलो, लाज वाटली, जीव घाबरला हे शब्द मोठ्यांनी स्वतःबद्दल वापरले तरच त्यांना सापडतात. आजींना मी एवढंच काम दिलं: रोज दिवेलागणीला आधी स्वतःचं सांगायचं. “मलाबी तुझ्या आईबिगर करमत न्हाई बघ.”

त्याच्या गुरुजींना दोन आठवडे नोंद ठेवायला सांगितली: भांडण कधी, कुठे, आधी काय झालं. दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक भांडणं सोमवारी व्हायची, कारण रविवारी रात्री आईचा फोन यायचा आणि ती रडायची. आणि भांडण बहुतेक वेळा लगोरीच्या खेळात व्हायचं. त्याला खेळात शिरता येत नव्हतं, म्हणून तो चेंडू हिसकावायचा.

“मला पण घ्या” म्हणणं हे कौशल्य आहे, पाढ्यासारखं घोकून घेण्याचं. परिपाठानंतर दहा मिनिटं गुरुजी सगळ्या वर्गाकडून ते नाटकासारखं करून घेऊ लागले: कसं विचारायचं, “नाही” म्हणाले तर काय करायचं, दुसऱ्याला कसं सामावून घ्यायचं. एकट्या त्याला बाजूला घेऊन शिकवलं असतं तर “मारकुटा” हा शिक्का आणखी पक्का झाला असता. आणि हे शांत वेळी शिकवायचं. हात उचललेला असताना फक्त थांबवायचं, उपदेश नको.

गुरुजींची शंका रास्त होती: “मग अभ्यासक्रम कधी संपवू?” २०११ साली अमेरिकी संशोधकांनी शाळेत भावना ओळखायला आणि इतरांशी नीट वागायला शिकवणाऱ्या अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बालवाडी ते बारावीची सुमारे २ लाख ७० हजार मुलं होती. हे शिकलेली मुलं अभ्यासातही सरासरी ११ शतमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण ११ जागांनी, पुढे गेली. आमच्या शाळा वेगळ्या आहेत, तरी मला हा आकडा धीर देतो.

फोन बंद करायला मी सांगितलं नाही. आईला म्हटलं, रडू आलं तर येऊ द्या, पण ठेवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तो पुढच्या रविवारी देईल. सोमवारी घंटा वाजवायचं काम गुरुजींनी त्याला दिलं.

मारणं एकदम थांबलं नाही. संक्रांतीच्या आसपास त्यानं एकाला पुन्हा ढकललं. पण त्या दिवशी गुरुजींनी विचारण्याआधीच तो म्हणाला, “आज सोमवार हाय, सर. मला करमंना.”