हायबरीचं मैदान गेलं, पण बघण्यासारखं बरंच उरलं आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता, उन्हाळ्यात लंडनला जाणं होतंय, आणि क्लबचं जुनं मैदान हायबरी पाडून तिथे फ्लॅट झाले असं कळल्यावर तिकडे वाट वाकडी करावी की सरळ एमिरेट्स हे नवं स्टेडियम गाठावं. माझं उत्तर पक्कं आहे. आधी हायबरी, मग एमिरेट्स, आणि मधलं अंतर पायी. जेमतेम अर्धा किलोमीटर आहे. इकडे आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी या भागात बऱ्याचदा गेलो आहे, आणि मुलांचे खरे प्रश्न सुरू होतात ते हायबरीलाच.

मुळात 'पाडलं' हे अर्धंच खरं. मैदानाच्या चार बाजूंपैकी उत्तरेची नॉर्थ बँक आणि दक्षिणेचा क्लॉक एंड, या दोन पडल्या. त्यांच्या जागी नव्या इमारती आल्या. पूर्व आणि पश्चिम स्टँडचे दर्शनी भाग मात्र उभे आहेत आणि त्यांच्या आत घरं केली आहेत. पुण्यात जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा ठेवून मागे बिल्डिंग उठते, तसाच प्रकार. फक्त इथे काम पुष्कळ निगुतीनं झालंय.

हे असं का झालं, ते मुलाला जाण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे समोर दिसेल त्याला अर्थ येईल. 1935 च्या मार्चमध्ये संडरलंडविरुद्धच्या सामन्याला इथे 73,295 माणसं होती, बहुतेक उभी. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत प्रेक्षकांचे बळी गेले, त्यानंतर वरच्या पातळीवरच्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची देणं बंधनकारक झालं आणि हायबरीची क्षमता शेवटी 38,419 वर आली. वाढवायला जागा नव्हती. चारी बाजूंना लोकांची राहती घरं, आणि त्यात विल्यम बिनी यांनी आखलेला 1936 चा पूर्व स्टँड 1997 मध्ये 'ग्रेड दोन' संरक्षित वास्तू म्हणून नोंदला गेला. म्हणजे त्याला हात लावायची सोय उरली नाही. क्लबनं 2006 मध्ये मुक्काम हलवला. मला यातली विशेष गोष्ट ही वाटते की जी भिंत मैदान मोठं होऊ देत नव्हती, तीच आज सगळ्यात धडधाकट उरली आहे. क्लबला ती अडचण होती, आपल्याला मात्र तिच्यामुळेच तिथे काहीतरी बघायला मिळतं.

सुरुवात स्टेशनपासून करा. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइननं आर्सेनल स्टेशनला उतरलात की लगेच वर निघू नका. फलाटाच्या भिंतीवर टाइल्समध्ये मोठ्या अक्षरांत 'गिलेस्पी रोड' लिहिलेलं आहे. 1906 साली स्टेशन उघडलं तेव्हाचं हे नाव. क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी रेल्वेवाल्यांच्या मागे लागून 1932 मध्ये ते बदलून घेतलं. क्लबचं नाव स्टेशनला मिळालं, पण भिंतीवर जुनं नावही नांदतंय. बाहेर पडायला लांबलचक चढाचा बोगदा आहे आणि त्यात एका कडेला उभं कुंपण घालून अरुंद वाट वेगळी काढली आहे. सामन्याच्या दिवशी येणारा आणि जाणारा लोंढा एकमेकांत घुसू नये म्हणून ही योजना. मुलाला त्या वाटेनं चालायला लावा. माझ्या मते या सगळ्या परिसरातला सर्वांत जिवंत अवशेष हाच आहे, कारण त्याचं काम अजून संपलेलं नाही. एमिरेट्सला जाणारी गर्दी आजही इथूनच वर येते.

तिथून अ‍ॅव्हनेल रोड दोन-तीन मिनिटांवर. अरुंद गल्ली, समोर साधी राहती घरं, आणि त्यांच्या पुढ्यात अचानक पूर्व स्टँडची पांढरी, उंच, आर्ट डेको भिंत. फोटोत ती एकटी दिसते, त्यामुळे खरा आकार कळत नाही. समोरच्या फुटपाथवर पाठ टेकून वर बघितलं तरच कळतो. मधला दरवाजा म्हणजे प्रसिद्ध 'मार्बल हॉल'चा. खेळाडू, पाहुणे, पत्रकार सगळे इथून आत जात. जेकब एप्स्टाइन यांनी घडवलेला चॅपमन यांचा अर्धपुतळा याच हॉलमध्ये असे. आता हा रहिवाशांचा प्रवेश आहे, तेव्हा आत शिरायचा प्रयत्न करू नका. गेली कित्येक वर्षं चाहत्यांचा ओघ सोसूनही तिथली माणसं सौजन्यानं वागतात. त्यांच्या खिडक्यांत कॅमेरे रोखणं बरं नव्हे.

मग वळसा घालून पलीकडच्या हायबरी हिलवर या. बरेच जण ही बाजू चुकवतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. क्लॉड वॉटर्लो फेरियर यांनी आखलेल्या 1932 च्या पश्चिम स्टँडचं प्रवेशद्वार इथे घरांच्या रांगेत, दोन घरांच्या मधोमध बसवलेलं आहे. शेजारच्या घराची भिंत संपते आणि स्टेडियमचा दरवाजा सुरू होतो. वस्ती आणि मैदान किती चिकटून होतं, ते इथे एका नजरेत दिसतं. क्लबला सोडून का जावं लागलं, याचं उत्तरही त्याच नजरेत मिळतं.

राहिलं प्रत्यक्ष मैदान. तिथे आता सोसायटीची बाग आहे, खाली पार्किंग. फाटकातून जेवढी दिसेल तेवढी बघा. बागेबद्दल चाहत्यांत दोन मतं आहेत. हिरवळीच्या जागी झाडंझुडपं आणि काचेचे कट्टे बघून अनेकांना हळहळ वाटते. मला वाटतं, जागा मोकळी राहिली हेच मोठं. हायबरीचं मैदान लहान होतं, साधारण 100 मीटर बाय 67, आणि चारी बाजूंच्या इमारतींमधली ती पोकळी आजही ते माप दाखवते. 6 सप्टेंबर 1913 रोजी इथला पहिला सामना झाला, लेस्टर फॉसविरुद्ध (म्हणजे आजचं लेस्टर सिटी), आर्सेनल जिंकलं 2-1. 2004 मध्ये आर्सेनलनं संपूर्ण लीग हंगाम न हरता संपवला तो शेवटचा सामनाही इथेच, लेस्टर सिटीविरुद्ध, आणि तोही 2-1. मे 1966 मध्ये मुहम्मद अली आणि हेन्री कूपर यांची बॉक्सिंगची लढत याच जागी झाली. 7 मे 2006 रोजी इथल्या शेवटच्या सामन्यात विगनविरुद्ध तीन गोल करून आर्सेनलच्या थिएरी आन्रीनं ओठ टेकवले ते याच हिरवळीवर. मुलाला हे फाटकाशी उभं राहून सांगा, घरी नको.

पुढे ड्रेटन पार्कवरून रुळांवरचा पूल ओलांडला की एमिरेट्स. तिथे बाहेरच्या भिंतीवर क्लॉक एंडचं मूळ घड्याळ आहे. आतलं मोठं घड्याळ ही प्रतिकृती, त्यामुळे फोटो बाहेरच्याचाच काढा. सामन्याचा दिवस मात्र टाळा, कारण त्या दिवशी अ‍ॅव्हनेल रोडवर निवांत उभं राहता येत नाही.

आणि तुम्ही उत्तरेकडेही जाणार असाल तर मिडल्सब्रो क्लबचं जुनं मैदान एअरसम पार्क मनात ठेवा. तिथे 1995 नंतर सगळं साफ झालं, घरं बांधली गेली. वाचलेली फाटकं नव्या रिव्हरसाइड स्टेडियमसमोर नेऊन उभी केली आहेत. पण जुन्या जागी नेव्हिल गेबी या कलाकारानं वस्तीत ब्राँझच्या छोट्या खुणा पेरल्या आहेत. त्यातली एक आहे बुटाच्या खिळ्यांच्या ठशांची, एका घराच्या पुढच्या हिरवळीत. 19 जुलै 1966 रोजी उत्तर कोरियाच्या पाक डू-इकनं इटलीला विश्वचषकाबाहेर घालवणारा गोल मारला, तो इथून. हायबरीसारखी भव्य भिंत तिथे नाही, तरी जागेची आठवण ठेवण्याची ही पद्धत मला हायबरीपेक्षा जास्त आवडते. किंग्स क्रॉसहून डार्लिंग्टनला जाऊन तिथे गाडी बदलायची. एका दिवसात जाऊन येता येतं, फक्त सकाळची लवकरची गाडी धरा.