आबांच्या नाकातली नळी काढू काय?

प्रश्न : आबांना लकवा मारून १२ दिवस झाले, नाकातनं नळी घातलीय. आत्या म्हणते नळी काढा नि चमच्यानं पेज भरवा. काय करू? – एक लेक, खानापूर

उत्तर : ताई, आत्ताच काढू नका. लकव्यात गिळायचे स्नायू बी ढिले पडतात, पेज श्वासनळीत गेली की न्यूमोनिया, आणि खोकला आला नाही म्हणजे ठीक असं नसतंय, गुपचूप पण जाते. आधी डॉक्टरांकडनं गिळायची टेस्ट करून घ्या. आणि घरच्या व्यायामाचं सगळं ओझं एकटीवर घेऊ नका ओ, भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला, घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतला तरी ६ महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक दिसला नाही, म्हणजे आबा सावकाश सुधारले तर ती तुमची चूक नव्हे. फिजिओथेरपिस्ट बघा, रात्रीची पाळी भावाला द्या.