मे महिन्यात अरबी समुद्रातली चक्रीवादळं बघणाऱ्या नवख्या भावासाठी

भावा, जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलनं १०-१२ दिवसांपुढं वादळाचा लाल गोळा दाखवला की लगेच ग्रुपवर टाकू नको, असले गोळे दर मे महिन्यात दिसतात आणि मॉडेलनं दोनदा नव्यानं गणित केलं की गायब होतात. युरोपियन मॉडेल पण तेच म्हणतंय का बघ, ५ दिवसांच्या आत आलं की मगच मनावर घे. पाण्याचं म्हणशील तर वादळ व्हायला लागतंय साडेसव्वीस डिग्री आणि मेमध्ये समुद्र त्याच्या वरच असतोय, म्हणून खरं बघायचं ते शिअर, म्हणजे वरच्या नि खालच्या वाऱ्यातला फरक. वरचं नि खालचं वारं जुळत नसलं की ढगांचा माथा एकीकडं सरकतो आणि केंद्र उघडं पडतंय, सॅटेलाईटवर साध्या डोळ्यांनी दिसतंय बघ.

आणि वळीव म्हणजे वादळ नव्हे. वळीव दुपारभर तापून चारपाचला गडगडत येतो. २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्यासमोरनं वर गेलं तेव्हा मी खानापुरात होतो, गडगडाट नाही काय नाही, सकाळपासनं राखाडी ढग अगदी खालून दक्षिणेकडनं उत्तरेला पळत होते, सर थांबायची, परत यायची, अंगणातली केळ एकाच बाजूला वाकलेली. वाऱ्याची दिशा रोज वहीत लिही. वारं ताशी ६२ किमीला पोचलं की हवामान खातं चक्रीवादळ म्हणतंय, त्याआधी तू म्हणू नको, कारवारकडची माणसं उगीच घाबरतात.