कॅनडा इंग्रजांपासून नेमका कधी स्वतंत्र झाला?

एकच तारीख सांगता येत नाही. सात वर्षांच्या युद्धात फ्रान्स हरला आणि १७६३च्या पॅरिस तहाने क्वेबेकचा मुलूख ब्रिटनकडे गेला. १ जुलै १८६७ला ऑन्टॅरिओ, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया यांचं संघराज्य झालं. कॅनडा डे साजरा होतो तो याचाच. पण ते घरच्या कारभारापुरतं स्वराज्य. परराष्ट्र व्यवहार लंडनच्या हातात. म्हणून १९१४ साली ब्रिटन युद्धात उतरताच कॅनडाही आपोआप ओढला गेला.

माझ्या मते खरा टप्पा १९३१चा वेस्टमिन्स्टर कायदा, म्हणजे कॅनडासारख्या स्वराज्यांना स्वतःचे कायदे स्वतः करायचा अधिकार देणारा ब्रिटिश संसदेचा कायदा. फरक १९३९मध्ये दिसला: ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारलं, कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबरला.

गंमत म्हणजे राज्यघटनेच्या मुख्य भागात बदल करायला १९८२पर्यंत ब्रिटिश संसदेचीच मोहोर लागायची. दोष लंडनचा नव्हे हं! घटनादुरुस्ती कशी करायची यावर केंद्र आणि प्रांतांचंच जमत नव्हतं. शेवटी एप्रिल १९८२मध्ये राणी एलिझाबेथने राजधानी ओटावात नव्या घटना कायद्याच्या घोषणेवर सही केली आणि घटनादुरुस्तीचा अधिकार कॅनडाकडे आला. राष्ट्रप्रमुख आजही ब्रिटनचा राजाच आहे, फक्त कायद्याने तो तिथे ‘कॅनडाचा राजा’ असतो. आणि त्या १९८२च्या घटनेला क्वेबेक सरकारने अजूनही औपचारिक संमती दिलेली नाही.