वाचकांचे प्रश्न : कंद थंडीत जमिनीत ठेवावेत की काढावेत?

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात पारा अधूनमधून उणे १० अंशांपर्यंत उतरतो आणि पाऊसही त्याच दिवसांत पडतो. सुरणाचा भाईबंद असलेल्या कोंजाकचे कंद वाफ्यात लावले असून चिठ्ठीवर ‘क्षेत्र ७पर्यंत टिकाऊ’ असे छापले आहे. ते जमिनीतच राहू द्यावेत का?

उत्तर : राहू द्यावेत, पण केवळ चिठ्ठीच्या भरवशावर नव्हे. अमेरिकेच्या कृषी विभागाने हिवाळ्यातील थंडीनुसार आखलेल्या सातव्या क्षेत्रात वर्षातील नीचांकी तापमानाची सरासरी उणे १७.८ ते उणे १२.२ अंश सेल्सिअस असते. मात्र हा आकडा हवेचा आहे, जमिनीचा नाही, आणि त्यात ओलाव्याचा हिशेब मुळीच धरलेला नाही. आपल्या वाफ्यात खरी भीती पावसाचीच आहे. पान वाळले की कोंजाकची मुळेही झडतात, त्यामुळे भोवतीचे पाणी शोषले जात नाही. कंदाच्या माथ्यावरील ज्या खोलगट जागेत पुढील वर्षाचा कोंब दडलेला असतो तिथे ते साचते आणि सड बहुधा तिथूनच सुरू होते.

म्हणून निचरा उत्तम हवा आणि कंदावर १५ ते २० सेंटिमीटर माती हवी. या खोलीचा आणखी एक फायदा असा, की कोंजाकची मुळे कंदाच्या बुडातून न फुटता माथ्याभोवती फुटतात आणि दरवर्षीचा नवा कंदही जुन्याच्या डोक्यावरच तयार होतो, तेव्हा वरच्या मातीचा उपयोग उन्हाळ्यातही होतो. पान आपोआप गळून पडल्यावर कोरड्या पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि त्यावर पाऊस अडवणारी फळी टाकावी. नुसता पाला भिजून बसला तर उलट अपायच होतो. कुंडीला गारवा चहूबाजूंनी लागत असल्याने कुंडीतले कंद मात्र घरात, कोरड्या जागी, १० अंशांच्या आसपास ठेवावेत.

गोठलेला कंद ओळखणे कठीण नाही. पेशींची मोडतोड झाल्यामुळे बर्फ वितळताच तो भाग पिलपिलीत होतो आणि अंगठ्याने दाबल्यास त्यातून पाणी सुटते. एकच बाजू बिघडली असेल तर घट्ट गर लागेपर्यंत कापून जखम पूर्ण सुकू द्यावी. रसाने खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत.

हा सल्ला सगळ्या गोतावळ्याला लावू नये. सुरण किंवा सुमात्राच्या वर्षावनातील त्याचा अवाढव्य भाईबंद टायटॅनम यांना गोठण सोसत नाही, तर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील अरिसिमा ट्रायफिलम उणे ३० अंशांतही जमिनीखाली सुखरूप राहते.

प्रश्न : सुरणाच्याच कुळातल्या अरम इटॅलिकमला हिवाळ्याच्या तोंडावर पाने फुटली आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी ती भुईसपाट झाली. झाकून ठेवावीत का?

उत्तर : गरज नाही. हिवाळ्यात वाढायचे आणि उन्हाळ्यात निजायचे, हाच या झाडाचा क्रम आहे. गोठणीच्या वेळी पेशींतले पाणी बाहेर सरकते, म्हणून पाने मलूल होतात आणि ऊन चढले की पुन्हा ताठ उभी राहतात. तोवर त्यांना हात लावू नये. भूमध्य समुद्राच्या परिसरातले ड्रॅकंक्युलस वल्गॅरिस याच वळणाचे आहे. त्याचे कोंब हिवाळा सरता सरता वर येतात आणि उशिराच्या थंडीने कधी करपतात, परंतु खोलवरचा कंद सहसा वाचतो. त्याला जपायचे ते उन्हाळी पाण्यापासून, कारण निजलेला असताना त्याला कोरडी जमीनच मानवते.

प्रश्न : मे संपत आला तरी अरिसिमा कँडिडिसिममचा पत्ता नाही. थंडीत कंद गेला असेल का?

उत्तर : एवढ्यात तसे म्हणता येणार नाही. पश्चिम चीनमधील ही जाती फार उशिरा जागी होते आणि अनेकदा जूनमध्येच डोके वर काढते. माती उकरून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण कंदाला बहुधा एकच कोंब असतो आणि त्याचे टोक मोडले तर त्या वर्षीचे पान आणि फूल दोन्ही जाते.